कवितेला चाल लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कवितांना चाली लावते आणि पावसाळ्यात त्यासाठी एक छोटी कार्यशाळाही घेते. कार्यशाळा संपते, पण प्रश्न येत राहतात. कुणाला आजोबांच्या वहीतली कविता गावीशी वाटते, कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बालकवी बसवायचे असतात, कुणी नुकतीच पेटी घेतलेली असते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे तो प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. भावगीत म्हणजे नेमकं काय? अभंग किंवा नाट्यपद भावगीत नाही का?

माझ्या मते फरक शब्दांपेक्षा चालीत आहे. वारकरी भजनात एक चाल शेकडो अभंगांना चालते, कारण अभंगाचा साचा ठरलेला असतो. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून आधीच्या एखाद्या गाण्याचे शब्द छापलेले दिसतात. म्हणजे चाल आधीपासून होती, पद तिच्यावर बसवलं. साकी आणि दिंडी या ठरलेल्या चालीच्या पद्यप्रकारांचंही तसंच.

भावगीतात हे उलटं झालं: एक कविता आणि तिच्यापुरतीच केलेली चाल. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी गाजली. या प्रकाराची सुरुवात साधारण तिथून धरतात. पुढे गजानन वाटवे पेटी घेऊन बसले आणि समोरच्या गर्दीला नुसती कविता ऐकवू लागले. कवितेचं पुस्तक कधी हातात न धरलेल्या माणसांना त्यांच्यामुळे कविता पाठ झाल्या. मराठी कवितेवरचे हे त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात.

अभंगालाही त्याची स्वतःची चाल मिळू शकते. भीमसेनजींनी गायलेलं 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' ही राम फाटकांनी नामदेवांच्या एकाच अभंगासाठी केलेली रचना आहे. ती चाल उचलून दुसऱ्या अभंगाला लावून बघा, नीट बसत नाही.

२. चाल लावायला शास्त्रीय संगीत शिकलेलं असावं लागतं का?

सुरात गाता येणं आणि ठेका हातात असणं पुरेसं आहे. राग येत असतील तर जास्त वाटा सापडतात. मात्र त्यापेक्षा मराठी वाचता येणं गरजेचं आहे, आणि वाचता येणं म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात आहे.

३. कविता हातात आली की पहिलं काय करायचं?

पेटी उघडू नका. कविता मोठ्याने वाचा, ओळ म्हणून नाही तर वाक्य म्हणून. क्रियापद कुठे आहे आणि वाक्य कुठे संपतंय ते शोधा.

कान्होपात्रेचा अभंग घ्या:

नको देवराया अंत आता पाहू
प्राण हा सर्वथा जाऊ पाहे

अक्षरं मोजली तर सहा, सहा, सहा, चार. पहिला तुकडा 'नको देवराया', दुसरा 'अंत आता पाहू'. आता पहिल्या तुकड्याच्या शेवटी षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येऊन थांबा आणि ऐका. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं, 'नको देवराया', म्हणजे देवच नको. मग सुटा उरलेला दुसरा तुकडा येतो, 'अंत आता पाहू', म्हणजे चला, आता अंत पाहू या. जी बाई 'माझा अंत पाहू नकोस' म्हणून देवाचे पाय धरते आहे, तिच्या तोंडून दोन्ही वेळा नेमकं उलटं वदवलं जातं. 'नको' एका टोकाला आणि 'पाहू' दुसऱ्या टोकाला, त्यांच्यामध्ये सगळं वाक्य ताणलेलं आहे. म्हणून 'देवराया'वर चाल अधांतरी राहिली पाहिजे, एखाद्या रिषभावर (रे) किंवा पंचमावर (प), आणि घरी, 'सा'वर, यायचं ते 'पाहू'वर.

ही चूक माझ्या एका चालीत होती. तालीम सुरू होती, चाल गोड लागली होती, सगळे माना डोलावत होते. पखवाजावरच्या काकांनी हात थांबवला आणि विचारलं, "देव नको म्हणतेस का गं पोरी?" मी चाल मोडली. तेव्हापासून आधी वाक्य आणि मग सूर, हा क्रम मी सोडलेला नाही.

४. मात्रा मोजता आल्याच पाहिजेत का? कशा मोजतात?

आल्या पाहिजेत. अर्ध्या तासात येतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ऱ्हस्वापुढे जोडाक्षराचा आघात आला किंवा त्यावर उच्चारी अनुस्वार असला की तेही दोन मात्रांचं.

बालकवींची ओळ घ्या: 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे'. 'श्रावणमासी' आठ, 'हर्ष मानसी' आठ ('र्ष'च्या आघाताने 'ह' दोन मात्रांचा झाला), 'हिरवळ दाटे' आठ, 'चोहिकडे' सहा. केहरवा या तालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, आठ मात्रांचं, म्हणजे चौथ्या आवर्तनात दोन मात्रा मोकळ्या. बालकवींनी श्वास घ्यायला जागा ठेवलेली आहे.

आता त्यांच्याच 'औदुंबर'ची पहिली ओळ: 'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन'. आठ, आठ आणि दहा. म्हणजे तीन आवर्तनं भरतात आणि चौथ्यात दोनच मात्रा पडतात. उरलेल्या सहा रिकाम्या. कवीही तोच आणि आठ मात्रांचा ठेकाही तोच, पण 'श्रावणमासी'त ओळ संपते न संपते तोच पुढची सुरू होते आणि 'औदुंबर'मध्ये प्रत्येक ओळीनंतर मोठी शांतता. त्या शांततेतूनच कवितेच्या शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर दिसतो. या सहा मात्रा व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या तुकड्याने गच्च भरल्या तर औदुंबराच्या जागी बाग उभी राहते. मी तिथे तानपुऱ्याखेरीज काही ठेवणार नाही.

५. मग ताल आपोआप ठरतो का?

पुष्कळदा ठरतो. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे भुजंगप्रयात वृत्त: लघु-गुरू-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ) असे चार गट, प्रत्येकी पाच मात्रा, एकूण वीस. दहा मात्रांच्या झपतालात दोन आवर्तनांत ओळ चोख बसते. सहा मात्रांच्या दादऱ्यात म्हणायची झाली तर दर गटात कुठलं तरी अक्षर एका मात्रेने लांबवावं लागतं. त्यातही गोडी आहे, पण ते कुठलं अक्षर हे ठरवून लांबवा.

एक बारकावा: ओळ लघू अक्षराने सुरू होते, तेव्हा 'म' समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवू नका. 'म' समेच्या आधीच्या मात्रेवर उचला आणि 'ना'वर सम घ्या. समेचं वजन दीर्घ अक्षराला पेलतं. 'म'वर दिलं तर 'मना' ऐवजी 'माना' ऐकू येतं. याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

६. ऱ्हस्व अक्षर लांबवलं तर काय बिघडतं? गाण्यात सगळेच लांबवतात.

कधी काहीच बिघडत नाही, कधी अर्थ बदलतो. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे केविलवाणा. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'पाणि' म्हणजे हात, 'पाणी' तुम्हाला ठाऊकच आहे. 'सुदिन' या शब्दातल्या 'दि'वर तीन मात्रांची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतलीत की चांगला दिवस केविलवाणा झाला.

मात्र शब्द दुसऱ्या शब्दात बदलत नसेल तर लांबवायला माझी हरकत नाही. 'हिरवळ'मधला 'हि' थोडा लांबला म्हणून कुणी फसत नाही. ओळीत लांब सूर हवाच असेल तर तो दीर्घ अक्षरावर, त्यातही 'आ' किंवा 'ए'वर पडेल असं बघा. 'इ' आणि 'उ'वर गळा मिटतो.

७. शब्दाच्या शेवटचा 'अ' म्हणायचा की नाही? बोलताना आपण 'राम्' म्हणतो, गाताना 'राम-अ' का?

कारण वृत्ताने तो मोजलेला असतो. प्रश्न ३ मधल्या अभंगात 'प्राण' ही दोन अक्षरं आहेत. 'प्राण्' म्हटलंत तर सहाची पाच होतात. म्हणून गाताना तो 'अ' जिवंत होतो आणि मराठी गाण्याला त्याची खास लय मिळते. पण तो पुसट असावा. त्यावर जोर दिला की 'रामा, प्राणा' असं ऐकू येऊ लागतं.

मुक्तछंदात मात्र मी तो बोलण्यासारखा गिळते. तिथे मोजणी नाही आणि बोलण्याचा सूर हीच त्या कवितेची लय असते.

८. राग आधी ठरवायचा का? दुःखाच्या कवितेला कुठला राग घ्यावा?

दुःखाच्या कवितेला अमुक राग असं कोष्टक मी कुणालाही देत नाही. कवितेत कोण बोलतंय आणि कुणाशी, हे आधी बघा.

गीतरामायणाइतका चांगला धडा यासाठी दुसरा नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकर लिहीत होते आणि सुधीर फडके चाल लावत होते. एकूण छप्पन्न गीतं झाली. पहिलंच 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' भूपात आहे. दोन मुलगे भर सभेत कथा सुरू करतात, तिला पाच सुरांचा स्वच्छ, मोकळा भूप. आणि 'पराधीन आहे जगती' बघा. वडील गेलेले, राज्य गेलेलं, वनवास नशिबी आलेला, आणि चाल यमनकल्याणाच्या अंगाची. का? कारण राम रडत नाही, तो भरताची समजूत घालतो आहे. दुःख विषयात आहे, आवाजात नाही. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, विषयाला चाल लावली नाही, बोलणाऱ्याला लावली. मला हे वयाच्या तिशीत कळलं आणि त्या दिवशी मी ते गाणं सलग कितीतरी वेळा ऐकलं.

९. सगळ्या कडव्यांना एकच चाल ठेवावी की वेगवेगळी?

वर सांगितलेल्या गीतात राम एकामागून एक दाखले देतो आणि चाल शांतपणे तीच राहते. तो समजावतोय, म्हणून तीच राहायला हवी. चाल दर कडव्याला बदलली असती तर समजूत घालणाराच अस्वस्थ वाटला असता.

कवितेत माणसं बदलत असतील तर गोष्ट वेगळी. जर्मन कवितागायनात, ज्याला ते 'लीड' म्हणतात, याचं टोकाचं उदाहरण आहे. ग्योथेच्या 'एर्लकोनिग'मध्ये निवेदक, बाप, आजारी मुलगा आणि त्याला ओढून नेणारा यक्षराजा असे चार आवाज आहेत. संगीतकार शूबर्टने १८१५ साली, अठराव्या वर्षी, त्याला अखंड पुढे जाणारी चाल लावली. कडवी परत येत नाहीत, मुलाची हाक दर वेळी आणखी वर चढते आणि पियानोत घोड्याच्या टापा चालू राहतात. सगळं एकच गायक गातो. एकतिसाव्या वर्षी गेलेल्या या माणसाने सहाशेहून अधिक गीतं केली. आपल्या आणि त्यांच्या संगीतात खूप अंतर आहे, तरी कवितेपुढे बसल्यावर पडलेले प्रश्न तेच आहेत.

१०. कविता लांब आहे. कडवी गाळली तर चालतील?

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे ही सवय तिथून आली. आता ते बंधन नाही, त्यामुळे गाळण्याचं कारण कवितेतच असलं पाहिजे. कथा सांगणारी किंवा शेवटच्या ओळीत उलगडणारी कविता तोडू नका. ती लांबच हवी असेल तर लांबच गा.

गझल वेगळी. तिथे प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र असतो, म्हणून चार-पाच शेर निवडणं हा गझलेचा अपमान नाही. मतला, म्हणजे पहिला शेर, मुखडा (ध्रुवपद) होतो. फक्त एवढं सांभाळा की शेराची पहिली ओळ टांगती राहील आणि काफिया (यमकाचा शब्द) येईल त्या क्षणी सूर स्पष्ट असेल. सुरेश भटांची 'केव्हातरी पहाटे' ऐका. 'रात गेली' हा रदीफ (शेराच्या शेवटी तसाच परत येणारा भाग) येणार हे आपल्याला माहीत असतं, जीव अडकतो तो त्याच्या आधीच्या शब्दापाशी. हृदयनाथ मंगेशकरांची चाल तुम्हाला तिथपर्यंत वाट बघायला लावते.

११. एखादा शब्द चालीत बसत नाही. बदलू का?

नाही. चाल बदला. कवी हयात असतील तर त्यांना विचारा, ते स्वतः बदलून देतील तर प्रश्न मिटला. कवी नसतील तर तो शब्द तुमचा नाही. ओळ पुन्हा म्हणणं चालतं, पण कुठली ओळ परत घ्यायची हाही अर्थाचाच निर्णय आहे. दर अंतऱ्यानंतर ध्रुवपद आपोआप आणू नका. दोन अंतऱ्यांत वाक्य चालू असेल तर मधलं ध्रुवपद ते तोडतं.

१२. मुक्तछंदाला चाल लागते का? आणि गद्याला?

लागते, पण ठेका नंतर शोधा. कविता चार-पाच वेळा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि ऐका: तुमचा आवाज कुठे वर गेला, कुठे थांबला. ती रेघ म्हणजे चालीचा कच्चा आराखडा. पहिला भाग ठेक्याशिवाय, नुसत्या स्वरावर घ्या. एखादी ओळ पुन्हा येत असेल तर तिथे ठेका धरा.

गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरचं आपलं सर्वांत मोठं वाङ्मय म्हणजे ज्ञानेश्वरी. तिच्या ओवीत अक्षरसंख्या पक्की नाही. पसायदानाची पहिली ओवी मोजा:

आता विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

आठ, आठ, सात, सहा. पहिल्या तिन्ही चरणांना यमक आहे, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. देवें, तोषावें, द्यावें असं मागणं वर चढत जातं, आणि काय मागितलं ते चौथ्या चरणात कळतं. तिसऱ्या चरणावर चाल मिटवली तर चौथा शेपटासारखा लोंबतो. 'द्यावें' उघडं ठेवा आणि 'पसायदान हें' खालच्या सुरांत, सावकाश येऊ द्या. हात पसरून मागणाऱ्याचा आवाज शेवटी खालीच येतो.

निव्वळ गद्य गायलं गेल्याची उदाहरणं युरोपात आहेत. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने लहान मूल आणि त्याची दाई यांचं बोलणं स्वतःच्या शब्दांत लिहून गाण्यांत आणलं. फ्रेंच संगीतकार रावेलने १९०६ मध्ये लेखक ज्यूल रनारची मोर, रातकिडा, हंस यांच्यावरची गद्य शब्दचित्रं घेतली आणि फ्रेंच शब्दांच्या शेवटचा पुसट स्वर, जो गाताना म्हणायचा प्रघात होता, तो बोलण्यातल्यासारखा गाळला. श्रोते चिडले. प्रश्न ७ मधल्या आपल्या 'अ'चीच ही भावंडं.

१३. कविता मलाच पूर्ण कळलेली नाही. तरी चाल लावू का?

लावा, फक्त कळल्याचं सोंग चालीत आणू नका. ग्रेसांच्या 'भय इथले संपत नाही'चा सरळ अर्थ किती जणांना सांगता येईल? पण ती भीती आणि ती संध्याकाळ सगळ्यांना जाणवते. आरती प्रभूंच्या 'ये रे घना'चंही तेच. हृदयनाथांनी या कविता समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही, त्यांचं धुकं तसंच ठेवलं. अवघड कवितेला सोपी, टाळ्या घेणारी चाल लावली की कविता सोपी होत नाही, हरवते.

१४. हरकती, मुरक्या, ताना किती घ्याव्यात?

यशवंत देवांनी या गायकीला 'शब्दप्रधान गायकी' म्हटलं आणि त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. ते वाचाच. माझी कसोटी अशी: हरकत शब्दाच्या आत घेतली तर शब्द ओळखू येतो का? नसेल तर ती शब्द संपल्यावर घ्या, नाहीतर सोडा. 'भातुकलीच्या खेळामधली' ऐकताना अरुण दाते किती ठिकाणी काहीच करत नाहीत ते मोजा.

१५. आधी चाल करून तिच्यावर शब्द लिहून घेतले तर ते कमी दर्जाचं का?

नाही, पण ते वेगळं काम आहे. तिथे कवी संगीतकाराच्या मात्रा मोजतो. चित्रपटगीतांत हे रोजचं आहे आणि त्यात उत्तम गाणी झाली आहेत. हे पान मात्र आधी लिहिलेल्या कवितेपुरतं आहे.

१६. कवितेला आधीच प्रसिद्ध चाल आहे. मी नवी लावू का? परवानगी कुणाची?

नवी लावायला हरकत नाही. पण जुनी चाल कानातून जाईपर्यंत थांबा. मी अशा वेळी कविता हाताने लिहून काढते आणि महिनाभर ते गाणं ऐकत नाही.

परवानगीचं असं: भारतात कवीच्या हयातीत आणि निधनानंतरचं वर्ष लागल्यापासून साठ वर्षं शब्दांवर हक्क असतो. संत, केशवसुत, बालकवी (निधन १९१८) मोकळे आहेत. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या झाल्या. कुसुमाग्रज, सुरेश भट, पाडगावकर यांच्यासाठी हक्कधारकांना लेखी विचारावं लागतं, यूट्यूबवर टाकायचं असलं तरी. चालीचा हक्क वेगळा असतो. शब्द मोकळे असले तरी दुसऱ्याची चाल मोकळी असेलच असं नाही.

१७. आमची मुलं परदेशात वाढली आहेत. सूर पक्के आहेत, पण मराठी गाणं 'मराठी' वाटत नाही. काय करावं?

बहुतेक वेळा चूक च, ज आणि झ यांत असते. देवनागरीत अक्षर एकच, उच्चार दोन. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे. 'जरा' म्हणजे थोडं, हा दातांजवळचा ज. 'जरा' म्हणजे म्हातारपण, हा टाळूचा. लिहून देताना दातांजवळच्या उच्चाराच्या अक्षराखाली एक टिंब द्या. मुलं दोन दिवसांत शिकतात.

दुसरी गोष्ट 'ळ'. 'हिरवळ'चं 'हिरवल' होतं, कारण जीभ मागे वळत नाही. गाणं बाजूला ठेवा आणि आजीला फोन लावून 'बाळ, केळं, पोळी, जवळ' असे शब्द तिच्या मागून म्हणायला लावा. आधी बोलण्यातला ळ बसवा, सूर त्यानंतर.

तिसरी, कविता त्यांना रोमन लिपीत लिहून देऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ तिथेच हरवतं आणि मग प्रश्न ६ मधली सगळी घोटाळ्याची यादी त्यांच्या गळ्यात येते. देवनागरी येत नसेल तर एका गाण्यापुरती अक्षरं शिकवा. 'औदुंबर'च्या तर आठच ओळी आहेत.